आयईएलटीएसचं रीडिंग आणि शब्दसंग्रह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न क्लासमध्ये विचारले जातात, फोनवर विचारले जातात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसूनही विचारले जातात. विचारणाऱ्यांत नर्सिंग करून इंग्लंडला निघालेल्या मुली असतात, कॅनडाची फाइल लावलेले इंजिनिअर असतात, आणि मुलाला न सांगता परस्पर चौकशी करणारे वडीलही असतात. परदेशी शिकायला किंवा कामाला जाणाऱ्यांच्या या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंग, रीडिंग, रायटिंग आणि स्पीकिंग असे चार भाग असतात. तिचं नाव आयईएलटीएस असलं तरी बोलताना सगळे ‘आयल्ट्स’च म्हणतात, म्हणून पुढे तेच वापरलं आहे.

रीडिंगचा पेपर नेमका असतो कसा?

६० मिनिटं आणि ४० प्रश्न. परीक्षेचे दोन प्रकार : उच्चशिक्षण किंवा व्यावसायिक नोंदणीसाठी अकॅडमिक, आणि स्थलांतर किंवा नोकरीसाठी जनरल ट्रेनिंग. अकॅडमिक प्रकारात तीन मोठे उतारे येतात, तिन्ही मिळून साधारण २,१५० ते २,७५० शब्दांचे. ते पुस्तकं, मासिकं, जर्नल, वर्तमानपत्रं यांतून घेतलेले असतात. विषय काहीही निघू शकतो : मधमाश्या, काचेचा इतिहास, झोपेवरचं संशोधन, शहरांतली वाहतूक. त्या विषयातलं ज्ञान तुम्हाला आधीपासून असावं अशी अपेक्षा नसते. जनरल ट्रेनिंगमध्ये पहिल्या दोन भागांत सूचना, जाहिराती, नोकरीच्या ठिकाणचे नियम असे छोटे मजकूर येतात आणि तिसऱ्या भागात एक लांब उतारा.

प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण. चुकीच्या उत्तराला वजा गुण नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी सोडू नका.

लिसनिंगसारखी उत्तरं उतरवायला जादा दहा मिनिटं मिळतात का?

नाही. कागदावर परीक्षा देत असाल तर साठ मिनिटांतच उत्तरपत्रिका भरायची. उत्तरं आधी प्रश्नपत्रिकेवर लिहून शेवटी उतरवू म्हणणाऱ्यांची शेवटच्या तीन मिनिटांत जी धांदल उडते, ती बघवत नाही.

सात बँड हवेत, तर किती उत्तरं बरोबर यावी लागतात?

बँड म्हणजे ९ पैकी मिळणारी श्रेणी. अकॅडमिकमध्ये ढोबळ हिशेब असा : ४० पैकी १५ ला ५ बँड, २३ ला ६, ३० ला ७ आणि ३५ ला ८. जनरल ट्रेनिंगचे मजकूर सोपे असतात, म्हणून तिथे मोजमाप कडक आहे : ३० ला ६ आणि ३४ ला ७. पेपर किती अवघड निघाला त्यावर एखाददुसरा गुण इकडे-तिकडे होतो.

या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. अकॅडमिकमध्ये सहावरून सातवर जायला सातच उत्तरं जास्त लागतात. एवढी उत्तरं बहुतेक वेळा एकदोन ठरावीक प्रश्नप्रकारांतच अडकलेली असतात. ती कुठे अडकलीत ते शोधायचं सोडून लोक नवीन शब्दयादी विकत आणतात.

कोणाला किती लागतात तेही माहीत असावं. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला अकॅडमिकमध्ये रीडिंग, लिसनिंग आणि स्पीकिंगला ७, तर रायटिंगला ६.५ लागतात. कॅनडात कायम राहायला जाण्यासाठीच्या ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ योजनेत भाषेची नववी पातळी गाठायची तर जनरल ट्रेनिंगच्या रीडिंगमध्ये ७ हवेत. हे नियम बदलत असतात. फी भरण्याआधी त्या त्या संस्थेचं संकेतस्थळ स्वतः उघडून बघा, एजंटाच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका.

माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. मला जमेल का?

जमेल, आणि रीडिंगमध्ये तर तुमचं नुकसान वाटतं त्याहून बरंच कमी आहे. मराठी माध्यमातला मुलगा इंग्रजी वाचताना शब्दाकडे नीट बघतो, कारण त्याला ते फुकटात मिळालेलं नसतं. इंग्रजी माध्यमातली मुलं बोलतात झरझर, पण सलग नऊशे शब्दांचा लेख शेवटपर्यंत वाचायची सवय त्यांतल्या अनेकांना नसते. मग ‘सगळं कळलं’ असं वाटून ती उत्तरं चुकवतात.

तुमची खरी अडचण दोन ठिकाणी येते. एक वेग. दुसरी म्हणजे शास्त्राचे शब्द. प्रकाशसंश्लेषण, अपवर्तन, गुरुत्वाकर्षण या कल्पना तुम्हाला पक्क्या माहीत आहेत, फक्त त्यांची इंग्रजी नावं डोळ्यांखालून गेलेली नाहीत. यावर उपाय सोपा आहे. सहावी ते दहावीची विज्ञान आणि भूगोलाची इंग्रजी माध्यमाची पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ती गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचून काढा. आशय ओळखीचा असल्यामुळे शब्द आपोआप जागेवर बसतात. सेमी इंग्रजीवाल्यांचं हे काम निम्मं आधीच झालेलं असतं.

किती शब्द पाठ करावेत? कोणी तीन हजार सांगतं, कोणी दहा हजार.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि मला वाटतं तो मुळातच चुकीच्या बाजूने विचारला जातो. तरी आकडे घ्या.

न्यूझीलंडमधले भाषाअभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला : वर्तमानपत्र किंवा कादंबरी कुणाच्या मदतीविना वाचायची तर मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुलं यावी लागतात. शब्दकुल म्हणजे एका मूळ शब्दाचा सगळा गोतावळा. ‘ॲनलाइझ’, ‘ॲनॅलिसिस’, ‘ॲनॅलिटिकल’ हे सगळे मिळून एक कुल. आता ९८ टक्के म्हणजे दर पन्नास शब्दांमागे एक अनोळखी. अडीच हजार शब्दांच्या पेपरात असे पन्नासएक शब्द झाले! म्हणजे ज्याची तयारी उत्तम आहे त्याच्याही वाट्याला पन्नास अनोळखी जागा येणारच. परीक्षा काढणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं.

दुसरा आकडा जास्त कामाचा आहे. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली शैक्षणिक लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची यादी केली. विद्यापीठातल्या मजकुराचा साधारण दहा टक्के भाग एवढ्याच शब्दांनी व्यापलेला असतो. ‘सिग्निफिकंट’, ‘डिराइव्ह’, ‘कॉन्स्टिट्यूट’, ‘सबसिक्वेंट’ हे त्यातलेच. रोजचे नेहमीचे दोन-तीन हजार शब्द पक्के असतील तर त्यावर ही यादी घ्या. यादी इंटरनेटवर फुकट आहे. त्यापुढचा शब्द यादीतून उचलू नका, वाचनातून येऊ द्या.

आणि एक कबूल करा : पेपर तपासून पाहिला तर माहीत नसलेल्या भारी शब्दांपायी गेलेले गुण थोडेच निघतात. जास्त गुण जातात ते माहीत असलेल्या शब्दांपायी.

म्हणजे काय? माहीत असलेल्या शब्दाने गुण कसे जातील?

तीन तऱ्हांनी.

पहिली तऱ्हा, ओळखीचा शब्द वेगळ्या अर्थाने येतो. ‘सिन्स’ म्हणजे ‘पासून’ एवढंच डोक्यात असतं, उताऱ्यात तो ‘कारण’ या अर्थाने बसलेला असतो. ‘व्हाइल’ म्हणजे ‘असताना’, पण वाक्याच्या तोंडाशी तो बऱ्याचदा ‘जरी’ असतो. ‘फिगर’ आकडा असू शकतो किंवा इतिहासातला मोठा माणूस. ‘यील्ड’ म्हणजे शरण जाणं असं कुठेतरी पाठ केलेलं असतं, आणि शेतीवरच्या उताऱ्यात त्याचा अर्थ एकरी उत्पन्न असतो. ‘कल्चर’ हा शब्द दिसला की बाकीचे संस्कृती म्हणून पुढे जातात, पण नर्सिंगच्या मुलींना कल्चर रिपोर्ट (नमुन्यातले जिवाणू वाढवून केलेली तपासणी) रोजचा, त्यामुळे जिवाणूंवरचा उतारा आला तर त्या बरोबर अडखळतात आणि थांबून बघतात.

दुसरी तऱ्हा, उताऱ्यातला शब्द प्रश्नात तसाच येत नाही. उताऱ्यात ‘स्कार्स’ असेल तर प्रश्नात ‘इन शॉर्ट सप्लाय’. तिकडे ‘प्रायर टू’, इकडे ‘बिफोर’. तिकडे ‘चिल्ड्रन अंडर फाइव्ह’, इकडे ‘द व्हेरी यंग’. पूर्ण पेपर या अदलाबदलीवर उभा आहे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात जसाच्या तसा सापडला तर आनंदून जाऊ नका, बऱ्याचदा तो आमिष म्हणून ठेवलेला असतो.

तिसरी, छोटे शब्द. ‘हार्डली’, ‘अनलेस’, ‘ओन्ली’, ‘मोस्ट’, ‘मे’, ‘रादर दॅन’. यांचा अर्थ कोणी विचारला तर सगळे सांगतात. वाचताना मात्र डोळा त्यांच्यावरून घसरतो, आणि उत्तर तिथेच फिरलेलं असतं.

मग रोज शब्द शिकायचे कसे? वही ठेवू का?

जरूर ठेवा, पण ‘शब्द – बरोबरचं चिन्ह – अर्थ’ अशी दोन रकान्यांची वही नको. शंभर पानं भरली तरी तिचा उपयोग होत नाही.

एका शब्दाची नोंद कशी असावी, एक घेऊन बघू. शब्द ‘डिक्लाइन’. सगळ्यात आधी तो ज्या वाक्यात भेटला ते आख्खं वाक्य उतरवा. त्याखाली अर्थ : घट, उतार, आणि क्रियापद म्हणून आला तर नम्रपणे नाकारणं हाही. मग त्याची संगत : ‘स्टेडी डिक्लाइन’, ‘शार्प डिक्लाइन’, ‘डिक्लाइन इन नंबर्स’. मग त्याच्या जागी येऊ शकणारे : ‘फॉल’, ‘ड्रॉप’, ‘ड्विंडल’. उलट बाजूला ‘राइज’, ‘ग्रोथ’. झालं, पाच ओळी. वहीत अर्थातच इंग्रजी लिपीत लिहा, कारण परीक्षेत स्पेलिंगलाही किंमत आहे.

असे रोज सात-आठ शब्द पुरे. त्यांची उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळण्यांमधलं अंतर वाढवत न्यायचं. हे काम करणारं ‘अँकी’ नावाचं ॲप अँड्रॉइडवर आणि संगणकावर फुकट आहे. त्यातले शब्दांचे पत्ते (फ्लॅशकार्ड) मात्र स्वतः बनवा. दुसऱ्याने बनवलेले तीन हजार पत्ते उतरवून घेणारे आठवडाभरात ॲप उघडायचं बंद करतात.

डिक्शनरी इंग्रजी–मराठी वापरू की इंग्रजी–इंग्रजी?

दोन्ही. वस्तू, प्राणी, झाडं, रोग, खनिजं यांच्यासाठी मराठी अर्थ बघा आणि मोकळे व्हा. शिसवाच्या लाकडाचं इंग्रजीतून वर्णन वाचत बसण्यात काय हशील? ‘अझ्यूम’, ‘इम्प्लाय’, ‘क्लेम’, ‘सजेस्ट’ अशा शब्दांसाठी मात्र ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश उघडा. दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत आणि उदाहरणं भरपूर देतात. हे चार शब्द मराठीत ‘म्हणणं’ आणि ‘मानणं’ यांतच गोळा होतात, आणि पेपरात नेमका त्यांच्यातल्या फरकावरच प्रश्न येतो.

ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हन : यात नेहमी गोंधळ होतो. फॉल्स आणि नॉट गिव्हन ओळखायचं कसं?

दिलेलं विधान उताऱ्याशी जुळतं (ट्रू), त्याच्या उलट जातं (फॉल्स), की उतारा त्याबद्दल काही सांगतच नाही (नॉट गिव्हन), ते ओळखायचं असतं. मराठीतच करून बघू. समजा उतारा असा आहे :

*जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला, असा निष्कर्ष निघाला.*

आता तीन विधानं.

‘रंग बदलण्यामागे सजीवांचा हात होता.’ ट्रू. ‘सजीव’ हा शब्द उताऱ्यात नाही, पण सूक्ष्मजीव सजीवच असतात.

‘पाण्यात मिसळलेल्या कारखान्याच्या रसायनामुळे रंग बदलला, असा निष्कर्ष निघाला.’ फॉल्स. उतारा वेगळं कारण ठामपणे सांगतो, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

‘लोणारचं पाणी याआधी कधीच गुलाबी झालं नव्हतं.’ इथे सगळे फसतात. कोणी म्हणतं ट्रू, कारण २०२० सालच्या बातम्या आठवतात. कोणी म्हणतं फॉल्स, कारण कुठेतरी वेगळं वाचलेलं असतं. उताऱ्यात मात्र आधीच्या काळाबद्दल अवाक्षर नाही. नॉट गिव्हन.

कसोटी अशी लावा : हे विधान खोटं आहे हे उताऱ्यातल्या कोणत्या ओळीवर बोट ठेवून दाखवता येईल? ओळ दाखवता आली तर फॉल्स. ‘तसं नसेल बहुतेक’ असं मनात आलं तर नॉट गिव्हन. तुमचं सामान्यज्ञान परीक्षेच्या खोलीबाहेर बॅगेत ठेवा. हुशार, चौफेर वाचणाऱ्या माणसांचे या प्रश्नात जास्त गुण जातात, कारण उताऱ्यात राहिलेली जागा ते स्वतःच्या माहितीने भरून काढतात.

येस, नो, नॉट गिव्हन हा प्रकार याच धर्तीचा आहे, फक्त तिथे वस्तुस्थितीऐवजी लेखकाचं मत तपासायचं असतं. दोन्ही प्रकारांत उत्तरं उताऱ्याच्या क्रमानेच सापडतात. तिसऱ्याचं सापडलं आणि पाचव्याचं सापडलं, तर चौथ्याचं त्या दोहोंच्या मधल्या भागातच शोधा. दोनदा वाचूनही तिथे काही नसेल तर नॉट गिव्हन लिहून पुढे चला.

परिच्छेदांना शीर्षक जुळवायचा प्रश्न?

शीर्षकं परिच्छेदांपेक्षा जास्त दिलेली असतात आणि क्रमाने नसतात. परिच्छेद वाचा, मनात मराठीत एका वाक्यात सांगा, मग शीर्षकांकडे बघा. उलट केलंत तर परिच्छेदातल्या एका शब्दावरून शीर्षक चिकटवाल. पहिलं वाक्य वाचून भागतं ही क्लासवाल्यांची शिकवण अर्धीच खरी आहे. कितीतरी परिच्छेद जुनं मत सांगून सुरू होतात आणि तिसऱ्या वाक्यात ‘हाउएव्हर’ म्हणून उलटतात.

वेळ पुरत नाही. आधी प्रश्न वाचू की उतारा?

यावर भांडणं होतात. माझं मत : आधी शीर्षक आणि प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीवरून दोन मिनिटं नजर फिरवा, कुठे काय आहे एवढं कळू द्या, मग प्रश्न. हा क्रम सरावात दोन-तीन पेपरांना करून बघा, जमला तर ठेवा. वीस-वीस मिनिटांची समान वाटणीही नको. उतारे सहसा चढत्या काठिण्याचे असतात. पहिल्याला पंधरा-सोळा मिनिटं, दुसऱ्याला वीस, उरलेली तिसऱ्याला.

वेळ न पुरण्याचं मोठं कारण मात्र वेगळंच असतं. एका प्रश्नावर चार-चार मिनिटं हट्टाने बसून राहणं. तो एक गुण, पुढचा सोपाही एकच गुण.

वाक्यं इतकी लांब असतात की शेवटापर्यंत सुरुवात विसरते.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपला मेंदू वाक्य संपेपर्यंत वाट बघतो. इंग्रजीत कर्ता आधी येतो, मग त्याच्याविषयीचा पंधरा शब्दांचा फापटपसारा, मग क्रियापद, आणि त्यानंतरही वाक्य चालूच. अशा वाक्यात आधी मुख्य क्रियापद हुडका. ‘कोण’ आणि ‘काय केलं’ एवढं जोडलं की ‘विच’, ‘हू’, ‘दॅट’ने सुरू होणारे तुकडे आणि स्वल्पविरामांमधला मजकूर नंतर बसवता येतो. सरावाच्या काळात रोज असं एक वाक्य घ्या आणि ‘जो… तो’, ‘ज्यामुळे… त्यामुळे’ वापरून मराठीत उलगडून लिहा. आठवडाभर कंटाळा येईल, मग डोळा स्वतःच क्रियापद शोधायला लागेल.

रिकाम्या जागांना स्पेलिंग चुकलं तर?

गुण गेला. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंगं चालतात. कॅपिटल अक्षरांत सगळं लिहिलं तरी चालतं, आणि ज्यांचं अक्षर डॉक्टरी वळणाचं आहे त्यांनी तसंच लिहावं. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ अशी सूचना असेल आणि तुम्ही तीन लिहिले, तर आशय बरोबर असूनही उत्तर चूक. जोडरेघेचा शब्द एक धरतात. बहुतेक ठिकाणी शब्द उताऱ्यातूनच उचलायचा असतो. तेव्हा बघून लिहा, आणि अनेकवचनाचा शेवटचा ‘एस’ राहिला नाही ना ते तपासा.

वाचायचं काय?

सवयीसाठी ‘द कॉन्व्हर्सेशन’ हे संकेतस्थळ. प्राध्यापक आणि संशोधक तिथे सामान्य वाचकासाठी लिहितात, अकॅडमिकच्या उताऱ्यांच्या जवळचा बाज तोच, आणि पैसे पडत नाहीत. पर्यावरणाचे विषय ‘डाउन टू अर्थ’ या नियतकालिकात मिळतील. जनरल ट्रेनिंगवाल्यांनी बँकेच्या अटी, विमान कंपनीचे सामानाचे नियम, कंपनीचं रजेचं धोरण वाचावं. न वाचता ‘आय ॲग्री’ दाबायची सवय तेवढीच मोडेल. सराव पेपर मात्र केंब्रिजने काढलेल्या संचांतलेच घ्या. टेलिग्रामवर ‘उद्याचा खरा पेपर’ म्हणून पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका.

संगणकावर परीक्षा असेल तर वेगळी तयारी लागते का?

थोडी. डाव्या बाजूला उतारा, उजवीकडे प्रश्न, मजकूर रंगवून ठेवायची सोय, वर घड्याळ. सरावाचे शेवटचे काही पेपर मोबाइलवर किंवा कागदावर न करता संगणकाच्या पडद्यावर सोडवा.

आयल्ट्सऐवजी पीटीई किंवा टोफेल सोपं पडेल का?

या दोन्ही इंग्रजीच्याच दुसऱ्या परीक्षा. तुमची संस्था काय मान्य करते ते आधी बघा, निवड बऱ्याचदा तिथेच संपते. पीटीईच्या रीडिंगमध्ये परिच्छेदांचा क्रम लावणं आणि जागा भरणं यांना महत्त्व आहे. एकाहून अधिक पर्याय निवडायच्या प्रश्नात तिथे चुकीला गुण कापले जातात, त्यामुळे आयल्ट्समधली ‘काहीतरी लिहून ठेवू’ ही सवय तिथे अंगाशी येते. टोफेलचं स्वरूप जानेवारी २०२६ पासून बदललं आहे, तेव्हा जुनी पुस्तकं कोणाकडून मागून आणू नका.

सगळं आलं, फक्त रीडिंगमध्ये अर्धा बँड कमी पडला. आता?

परीक्षा संगणकावर दिली असेल तर एकाच भागाची फेरपरीक्षा देता येते, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत. सगळ्या संस्था हा निकाल स्वीकारतातच असं नाही, म्हणून आधी ईमेल करून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोपर्यंत आधी सोडवलेले पाच-सहा सराव पेपर काढा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा : शब्द माहीत नव्हता, दुसरा अर्थ होता, छोटा शब्द सुटला, वेळ संपला, स्पेलिंग. ज्या कारणापुढे सगळ्यात जास्त खुणा पडतील, हाताशी असलेले आठवडे तेवढ्यालाच द्या.